अप्पांना दिलेलं विशेषण

दादा, अप्पा आता माझ्याकडे लातूरला आहेत. आधी हेच सांगते, कारण तुला दुसरी कसली फिकीर असणार नाही. तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला स्वयंपाकघरात नेलं. म्हणाली, "कुंदाताई, आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुमचे दादा होते म्हणून मी उभी होते." ती रडत नव्हती. ओट्यावरच्या फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. मी बरं म्हणाले. गाडी केली, अप्पांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मान वळवून मागच्या रस्त्याकडं बघितलं आणि विचारलं, "सुध्या मागून येतोय नव्हं?"

"येतोय," मी म्हणाले.

तू गेलास हे मी त्यांना सांगितलं नव्हतं असं नाही. तुला नेण्याआधी सांगितलं. ते इतके रडले की शेजारचे धावत आले. थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, सुध्या कुठाय? मी परत सांगितलं. ते परत तसेच रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. तिसऱ्यांदा सांगायची माझ्यात ताकद नव्हती. तेव्हापासून तू कॉलेजला गेलेला आहेस.

शोकसभेत तुझ्याबद्दल लोक बरंच चांगलं बोलले. इतकी वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना इंग्रजी शिकवताना तुझा आवाज कधी चढला नाही, असं तुझे प्राचार्य म्हणाले. एक मुलगी उभी राहून म्हणाली की सर चिडायचे तेव्हा नुसतं खिडकीबाहेर बघायचे आणि वर्ग आपोआप गप्प व्हायचा. मला तू दिसलास खिडकीकडं बघताना. पण त्या सगळ्या भाषणांत मला वाटत राहिलं की हे लोक एका सभ्य माणसाबद्दल बोलतायत, आणि माझा भाऊ त्यात कुठंच नाही. तू किती मोठा राग पोटात घेऊन हिंडत होतास हे त्यांना माहीत नाही. तुझ्या त्या एका शब्दाबद्दल तर कुणालाच माहीत नाही. तो तुला ठाऊक होता आणि मला. आता मला एकटीलाच.

तुला आठवतंय ना, तो शब्द कुठून निघाला ते? आपल्या गावच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी अप्पांचा सत्कार ठरवला होता. वसंतनं पुढाकार घेतला. तुझ्याच वर्गातला वसंत, जो तहसीलदार होऊन रिटायर झाला. त्यानं तुला फोन केला, आणि तू मला नंतर त्याचा आवाज काढून सांगितलंस: "सुधाकर, सन्मानचिन्हावर इंग्रजीत एक ओळ टाकायची हाय. पोरंसोरं बाहेरदेशी गेलीत, त्यायला बी वाचता यावी. स्ट्रिक्ट नको, ते लई साधं वाटतंय. तू प्रोफेसर हायेस. एखादा भारी शब्द दे."

तू त्याला शब्द दिलास. एकेक अक्षर फोनवर सांगितलंस, त्यानं परत वाचून दाखवलं, तू बरोबर म्हणालास.

सत्काराला मी तुझ्या शेजारी पुढच्या रांगेत बसले होते. मंडप भरलेला. एकेक जण उठून माईकपाशी जात होता आणि आपण किती मार खाल्ला ते सांगत होता. वसंत म्हणाला, "गुरुजींनी मला एवढं मारलं, एवढं मारलं, की मी तहसीलदार झालो." मंडप हसला. अप्पा स्टेजवर फेटा बांधून बसलेले, तेही हसले. दुसऱ्यानं सांगितलं, गुरुजींची सायकल दिसली की आम्ही उसात लपायचो. परत हशा. तू मांडीवर हात ठेवून बसला होतास. सगळे हसले की तूही हसायचास, पण थोडं उशिरा.

मग ते सन्मानचिन्ह उघडलं. लाकडी ढाल, त्यावर पितळी पाटी. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी इंग्रजी ओळ अडखळत वाचली आणि त्या शब्दापाशी येऊन 'प्लागोसे' असं काहीतरी म्हणाले. टाळ्या पडल्या. ओळीचा अर्थ होता, 'एका प्लेगोस शिक्षकास, कृतज्ञतेने'. मी तुझ्याकडं बघितलं. तू टाळ्या वाजवत होतास.

परतताना जीपमध्ये मी तुला विचारलं, "दादा, हा शब्द मी कधी ऐकला नाही. म्हणजे काय?"

"कुणीच ऐकला नाही. तो नुसता डिक्शनरीत राहतो."

"पण म्हणजे काय?"

"फटके मारायची आवड असलेला."

जीप चालू होती, ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून तू हे इतक्या हळू सांगितलंस की मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मग तू सांगत गेलास. एम.ए.ला असताना नांदेडच्या लायब्ररीत, दुसराच एक शब्द शोधताना, तुला तो सापडला होता. लॅटिनमध्ये फटक्याला, घावाला 'प्लागा' म्हणतात. प्लेगची साथ म्हणतो तो प्लेगही त्याच शब्दातून आला, देवानं मारलेला फटका म्हणून. जुन्या रोममध्ये एका कवीनं आपल्या शाळेतल्या मास्तरांना हे विशेषण लावलं होतं. पुढं कधीतरी इंग्रजीनं ते उचललं आणि फारसं वापरलंच नाही.

"बघ कुंदे," तू म्हणालास, "त्या मास्तरांनी आयुष्यभर किती पोरं शिकवली असतील. काय काय शिकवलं असेल. लोकांना त्यातलं काय ठाऊक आहे? एका पोरानं मोठा झाल्यावर दिलेलं एक विशेषण."

मी तुझ्यावर भडकले होते. सगळ्या गावासमोर बापाची थट्टा केलीस, म्हणाले. त्यांच्या हातात स्वतःच्या हातानं शिवी दिलीस आणि ते ती छातीशी धरून बसले. तू म्हणालास, "थट्टा नाही. तिथं भाषण करणारा प्रत्येक जण हेच सांगत होता. मी फक्त ते एका शब्दात लिहिलं." मी म्हणाले, मग मराठीत लिहायचं होतंस. मराठीत शब्द आहे, मारकुटा.  मग म्हणालास, "आहे. पण तो पाटीवर लिहिता येत नाही."

हे भांडण आपण कधी मिटवलं नाही. दर भाऊबीजेला तू नांदेडहून एसटीनं यायचास, मी ओवाळायचे, आणि जेवण होईपर्यंत आपण दोघंही ते टाळायचो. मग सुपारी कातरताना कुणीतरी सुरू करायचंच.

मी अप्पांची बाजू घ्यायचे असं तुला वाटायचं. दादा, मी बाजू घेत नव्हते. मला ते सगळं तुझ्याइतकंच आठवत होतं. अप्पा शाळेचे हेडमास्तर आणि आपल्या वर्गाचे मास्तरही तेच. शाळेमागच्या ओढ्याला निरगुडी माजलेली. वर्गासाठी फोक तोडून आणायचं काम तुझं, आणि त्या फोकाचा पहिला फटकाही तुला. स्वतःच्या पोराला आधी मारलं की गावाला बोलायला जागा राहत नाही, असं अप्पा म्हणायचे. मला त्यांनी कधी बोटही लावलं नाही. पोरीच्या अंगावर हात टाकू नये, हाही त्यांचा नियमच होता.

तो बाजाराचा दिवस मला विसरता येत नाही. तू शाळा बुडवून देवणीच्या जनावरांच्या बाजारात गेला होतास. तुला बैलांचं भारी वेड. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला बैल बघायला म्हणून गेलास आणि तिथंच रमलास. अप्पा सायकलवर आले. भर बाजारात त्यांनी तुला मारलं. कुणी त्यांचा हात धरला नाही. उलट एक व्यापारी म्हणाला, "मारा गुरुजी. मार खाल्ल्याबिगर पोरगं सुधरत न्हाई." बाकीच्यांनी माना हलवल्या.

संध्याकाळी आई तुझ्या पाठीला कोमट तेल लावत होती. तू पालथा पडला होतास, आणि मी तुझ्या उशाशी बसून पाढे म्हणत होते. अप्पा बाहेर ओसरीवर बसले होते. पाढे ऐकू आले नाहीत तर ते आत येतील, म्हणून आईनं मला खुणेनं सांगितलं होतं, थांबू नकोस. मी मोठ्यानं म्हणत राहिले. तुझं कण्हणं माझ्या आवाजात बुडून जात होतं. अजूनही कुठं लहान मूल पाढे म्हणताना ऐकलं की मला त्या तेलाचा वास येतो.

आणि मग माझी बारावी झाली, औशाचं स्थळ आलं, तेव्हाची गोष्ट. पाहुणे बैठकीत बसलेले. तू नांदेडहून सुट्टीत आला होतास, चांगला मिशा फुटलेला. तू आत येऊन म्हणालास, "अप्पा, कुंदा शिकंल." अप्पांनी पाहुण्यांसमोर तुझ्या तोंडात मारली. तुझा चष्मा उडाला. तू तो उचललास, शर्टाच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर घातलास आणि परत म्हणालास, "कुंदा शिकंल." पाहुणे चहा न घेता उठले. मी दाराआड उभी होते. तू पडशील असं मला वाटलं होतं. तू पडला नाहीस.

मी लातूरला शिकले, तिथंच मराठीची प्राध्यापक झाले. आज भाजीवालीसुद्धा मला मॅडम म्हणते. त्या चापटीबद्दल आपण एकमेकांशी कधी अक्षरही बोललो नाही. तुला आभार मानलेले आवडले नसते, आणि मला तो शब्द तुझ्यासाठी फार लहान वाटायचा. आता म्हणावंसं वाटतं तर ऐकायला कुणी नाही. तुझ्या फोटोसमोर उभी राहून बघितलं. फोटोचा हार सरळ केला आणि परत फिरले.

आई गेल्यावर तू अप्पांना नांदेडला आणलंस. ढालही आली. विष्णुपुरीच्या तुझ्या घरात ती दारासमोरच्या भिंतीवर लागली. अप्पांनीच जागा दाखवली होती. कुणीही आलं की ते त्याला ढालीपुढं नेऊन उभं करायचे. आणि दर काही दिवसांनी तुला विचारायचे, "सुध्या, या शब्दाचा अर्थ नीट सांग एकदा."

"शिस्तीचा, अप्पा. फार शिस्तीचा."

"म्हंजे स्ट्रिक्ट?"

"त्याच्याही वरचा."

ते खूश व्हायचे. हे तू मला फोनवर सांगायचास तेव्हा तुझ्या आवाजात गंमत नसायची. एकदा मी तुला सांगितलं की शिस्त हा शब्द फारसीतून आपल्याकडं आला आणि त्याचा जुना अर्थ नेम असा आहे. बंदुकीनं नेम धरणं म्हणजे शिस्त धरणं. तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मग म्हणालास, "म्हणजे मी अप्पांना खोटं सांगत नाही तर." ते तुझं मला आठवणारं शेवटचं मोकळं हसणं.

तू ठरवलं होतंस की एक दिवस त्यांना खरा अर्थ सांगायचा. शांतपणे, बापलेक समोरासमोर बसून. त्यांना चिडू द्यायचं, बोलू द्यायचं, आणि मग विचारायचं की अप्पा, का? एवढंच विचारायचं होतं तुला. पण तू योग्य दिवसाची वाट बघत राहिलास. कधी त्यांची तब्येत बरी नसायची, कधी तुझ्या परीक्षा. आणि एक दिवस अप्पा दूध आणायला गेले आणि घराचा रस्ता विसरले. गोदावरीच्या बाजूला कुठंतरी बसलेले सापडले. डॉक्टरांनी सांगितलं, आता हे वाढतच जाणार.

त्यानंतर तू घाई केलीस. मला सगळं सांगितलंस, म्हणून मला ते बघितल्यासारखं दिसतं. सकाळचं ऊन गॅलरीत आलेलं, तू त्यांची दाढी करून देत होतास. फेस लावलेला, एक गाल झालेला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं आणि तू सांगून टाकलंस: "अप्पा, त्याचा अर्थ, ज्याला पोरांना मारायला आवडतं असा."

ते हसले. "बरोबर हाय," म्हणाले. "मारलं म्हणून तर शिकली."

तू दुसरा गाल पूर्ण केलास. हा काही जाब नव्हता, आणि तो 'का' तुझ्या तोंडातून निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात काहीच नव्हतं. त्यांनी परत विचारलं, तू परत सांगितलंस. त्या वेळी ते ताठ झाले. "कुणी लिहिलं हे? नाव सांग. वर्गाबाहेर उभा करतो त्याला." तू म्हणालास, "मी लिहिलं, अप्पा." त्यांनी तुझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आपण कोण?"

तिसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा ते तोंडावरचा फेस वाळला तरी बसून राहिले. मग म्हणाले, "मंग त्या दिवशी ती सगळी हसत कशाला होती?" आणि रडायला लागले. तू त्यांचा चेहरा ओल्या पंच्यानं पुसलास. फोनवर हे सांगताना तू मला म्हणालास, "कुंदे, आयुष्यभर मी हेच बघायची वाट पाहिली होती. आणि बघवलं नाही." त्यानंतर त्यांनी विचारलं की तू शिस्तीचा असंच सांगत राहिलास. तुझ्या 'का'चं उत्तर त्यांच्याकडं होतं की नाही हे आता कुणालाच कळणार नाही.

पुढं ते तुझ्यावर हात उचलायला लागले. आधी चापटी, मग काठी. वहिनीनं काठी लपवली तर ते चप्पल घ्यायचे. मी तुझ्याकडं आले होते तेव्हा तुझ्या मनगटावर काळानिळा वळ होता. साठी उलटलेला माणूस, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वर्गावर जात होता, वळ झाकायला. मी तुझ्याशी भांडले. लातूरला वृद्धांची चांगली सोय आहे, नर्स असतात, तिथं ठेवू. नाहीतर मी नेते, मला ते मारणार नाहीत. तू ऐकत नव्हतास. वहिनी बाजूला उभी राहून म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी, ताई. मी सांगून बेजार झाले."

तेव्हा तू जे म्हणालास ते मी वहिनीसमोर ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "दिवसभर मला ते, आपण कोण, असं विचारतात. हात उचलतात तेव्हा सुध्या म्हणतात. तेवढाच वेळ मी त्यांना ओळखू येतो."

वहिनी आत निघून गेली. मला तुझा राग आला, आणि मी तो तुझ्यावर काढला. म्हणाले, हे प्रेम नाही, हा आजार आहे, त्यांचाही आणि तुझाही. तू खिडकीबाहेर बघायला लागलास. वर्गातली पोरं गप्प व्हायची तशी मी गप्प झाले नाही. मी बोलतच राहिले.

त्याच मुक्कामात तू मला आणखी एक सांगितलंस. अप्पांना आंघोळ घालताना डोक्यावर पाणी ओतलं की ते दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायचे आणि उर्दूत म्हणायचे, "याद है जी, याद है." अप्पा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले हे आपल्याला ठाऊक होतं. तिथं काय होत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आपणही विचारलं नव्हतं. तू तांब्या खाली ठेवून त्यांना म्हणायचास, "याद है, बस. अब छुट्टी." तेव्हा कुठं ते हात खाली घ्यायचे.

तू म्हणालास की त्यानंतर तू तो शब्द परत शोधलास, या वेळी लॅटिनच्या मोठ्या कोशात. आणि त्यात दोन अर्थ निघाले. एक तुला माहीत असलेला, मारायची आवड असलेला. दुसरा, फटक्यांनी भरलेला. वळ उठलेल्या पाठीलाही लॅटिनमध्ये तेच विशेषण लावत. मारणारा आणि मार खाणारा, दोघांना एकच शब्द.

"इंग्रजीनं फक्त पहिला अर्थ घेतला," तू म्हणालास. "म्हणून मला कळलं नाही. मला वाटत होतं मी पाटीवर अप्पांचं नाव घातलं. तिथं माझंही आहे, कुंदे. आणि अप्पांचं दोनदा आहे."

मराठीत असा शब्द आहे का, असं तू मला विचारलंस. मराठी शिकवणारी मी. मारकुटा आहे, मारखाऊ आहे, पण दोघांना मिळून एक नाही. मी शोधून सांगते म्हणाले. मी खरंच शोधत होते, दादा. जुने कोश काढले, ओळखीच्या लोकांना विचारलं. सापडला नाही. हे तुला फोन करून सांगायचं होतं. त्याच आठवड्यात तू सकाळी धरणाच्या रस्त्यानं फिरायला गेलास, तिथंच कोसळलास आणि तुझ्या मोबाईलवरून वहिनीला दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला.

तुला घरी आणलं तेव्हा अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. तुझं अंग पुसताना बायकांना बाहेर काढलं, म्हणून तुझी पाठ मी बघितली नाही. वहिनीनं आधी कधी बघितली असेल. आम्ही दोघी त्यावर बोललो नाही.

ढाल मी लातूरला आणली नाही. वहिनीनं ती भिंतीवरून काढली आहे, कुठं ठेवली ते मी विचारलं नाही. अप्पांनाही तिची आठवण नाही. त्यांना एकच आठवण उरली आहे. इथं आल्यापासून ते नीट जेवत नव्हते. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचे. "सुध्याला येऊ दे," म्हणायचे. मी कालवून दिलं, पातळ करून दिलं, गोड करून दिलं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर सलाईन लावावं लागेल. मला वाटायला लागलं होतं की तुझ्यामागोमाग तेही निघालेत, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. आतून सगळं बधिर होऊन गेलं होतं.

आज दुपारी मी वरणभात घेऊन त्यांच्या पलंगापाशी बसले. केस बांधलेले होते, तुझा जुना चष्मा डोळ्यांवर होता. माझा फुटला म्हणून वहिनीनं दिला होता, नंबर जवळजवळ एकच आहे आपला. अप्पांनी बराच वेळ माझ्याकडं टक लावून बघितलं. मग त्यांचे डोळे बदलले. तुला माहीत असेल ते कसे बदलतात. मी ते पहिल्यांदा बघितलं.

"सुध्या," ते म्हणाले. "कुठं होतास?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या तोंडात मारली. म्हाताऱ्या हातात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. चष्मा गालावर दाबला गेला, डोळ्यांपुढं काही दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात माझ्यावर पडला, आणि तोही माझ्यावर नाही.

दादा, मी वाट बघत होते. मला वाटलं, आता कळेल तू का थांबलास, तुला त्यात काय मिळत होतं. मी गाल धरून बसून राहिले आणि वाट बघितली. काही कळलं नाही. नुसतं लागलं.

अप्पा मात्र शांत झाले होते. उशीला टेकून नीट बसले, ताटाकडं बघितलं आणि तोंड उघडलं. मी घास दिला. त्यांनी खाल्ला. दुसरा दिला, तोही खाल्ला. सगळं ताट संपवलं आणि पाणी मागितलं. मग कुशीवर वळून झोपले, चांगले गाढ.

रात्री परत जेवायची वेळ होईल. ते परत तुझी वाट बघतील. समोर चष्मा घालून बसायचं की काढून, हे मी कुणाला विचारू?